बारा सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं मूल

सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं की गावातले पॅनलवाले पहिली चौकशी एकाच गोष्टीची करतात: सूनबाईला पोरं किती, आणि कधीची? शिक्षण, बोलण्याची धमक, गावातलं वजन हे सगळं नंतर. तीन पोरं असतील तर त्या घराचा विचार तिथेच थांबतो आणि पुढच्या घरात शोध सुरू होतो. तिकडे सासरेबुवा मात्र पाच मुलांचे बाप असून सोसायटीच्या ओट्यावर बसून उमेदवार ठरवत असतात, आणि उद्या सर्वसाधारण जागा निघाली तर स्वतः उभेही राहू शकतात. हे कसं घडतं ते कायद्याच्या एका पोटकलमात आहे. ते नीट वाचलेली माणसं कमी आणि त्याच्या जोरावर सदस्यत्व घालवलेली माणसं जास्त, म्हणून हा प्रपंच.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. कलम १४ (१) (ज-१). दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेली व्यक्ती पंचायतीची सदस्य होऊ शकत नाही आणि असेल तर सदस्य म्हणून चालू राहू शकत नाही, एवढाच त्याचा गाभा. दुरुस्ती १९९५ च्या अधिनियमाची, पण ती अमलात आली १३ सप्टेंबर २००० ला. त्या दिवशी ज्यांना आधीच दोनपेक्षा जास्त मुलं होती त्यांना सूट मिळाली, आकडा पुढे वाढू नये एवढीच अट. शिवाय एक वर्षाची सवलत. म्हणून गावात सगळ्यांना पाठ असलेली तारीख १२ सप्टेंबर २००१. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महापालिका यांच्या कायद्यांतही हीच अट आहे. राज्य सरकारी नोकरीला लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापत्राचे २००५ चे नियम लागतात, तिथली तारीख २८ मार्च २००६. सहकारी संस्थांच्या संचालकांनाही ही अट चुकलेली नाही.

आता साधा हिशेब करा. ज्याची पाचही मुलं १९८८ ते १९९९ या काळात जन्मली असा माणूस आज साठीच्या घरात आहे. तो पात्र. जिचं लग्न २०१६ ला अठराव्या वर्षी झालं आणि २०२४ पर्यंत तीन बाळंतपणं झाली ती आज अजून तिशीच्या आत. ती अपात्र, आणि या अपात्रतेला मुदत नाही. काही अपात्रता पाच-सहा वर्षांनी संपतात. ही आयुष्यभर राहते. कायद्यात कुठेही "स्त्री" हा शब्द नाही, सगळीकडे "व्यक्ती" आहे. पण तारीख गोठवली की नियम आपोआप वयाचा होतो. दर वर्षी सवलतवाले म्हातारे होत जातात आणि नियम ज्यांना खरोखर लागतो ती पिढी फक्त मूल होण्याच्या वयातली उरते. महाराष्ट्राने २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना दिल्या. उमेदवारीचं किमान वय एकवीस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं. म्हणजे फॉर्म भरायचं वय येईपर्यंत यांतल्या अनेकींची दोन बाळंतपणं उरकलेली असतात, आणि पाच वर्षांचा कार्यकाळ नेमका तिसऱ्याच्या धोक्याच्या काळात येतो. एका हाताने खुर्ची दिली आणि दुसऱ्या हाताने तिच्या पायाला दोरी बांधली.

आमदार-खासदारांना ही अट नाही. त्यांनाही ती लावणारं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर १९९२ मध्ये राज्यसभेत मांडलं होतं, एकोणऐंशीवं. ते कधी मंजूर झालं नाही. ज्यांनी मंजूर करायचं त्यांनाच ते लागणार होतं, तेव्हा आश्चर्य वाटायचं कारण नाही. विधानसभेत बायका आजही शेकडा दहासुद्धा नाहीत. जिथे बायका निम्म्या आहेत तिथेच ही चाळणी बसवलेली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला आहे. हरियाणाच्या कायद्यावरचा जावेद खटला, ३० जुलै २००३. निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा कायदा अटी घालू शकतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. बायकांना मूल कधी आणि किती यात कुठे विचारतात, हा युक्तिवादही तिथे झाला होता. त्यावर न्यायालयाचं म्हणणं असं की भारतीय स्त्रियांमध्ये आता जागृती येते आहे, इच्छा नसताना तिसरं मूल जन्माला घालावं लागण्याइतक्या त्या असहाय नाहीत. आणि विधिमंडळाला स्त्रियांसाठी अपवाद करायचा असेल तर तो करायला ते मोकळं आहे. हे दुसरं वाक्य महाराष्ट्रात फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही. खुद्द हरियाणाने पुढे नियमच काढून टाकला, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि हिमाचलनेही काढला. आंध्रने २०२४ मध्ये. आपल्याकडे तो शाबूत आहे. नियमामुळे लोकसंख्या आटोक्यात आली असं सांगतात, पण पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आणि असा कुठलाही नियम नसलेल्या केरळ व तमिळनाडूचा १.८. मुली शिकल्या आणि मुलं जगू लागली की हे होतंच.

पोटकलमाची बारीक अक्षरं पाहू, कारण भांडणं तिथेच होतात. जुळ्यांची सवलत आहे, पण अर्धी. आधी एक मूल असेल आणि दुसऱ्या बाळंतपणात जुळी किंवा तिळी झाली तर ती सगळी मिळून एक धरतात. पहिल्याच खेपेला जुळी आणि नंतर एक झालं, तर स्पष्टीकरणाचे शब्द शब्दशः वाचता तिथे पुरत नाहीत. घरात मुलं तीनच, बाळंतपणं दोनच, पण क्रम उलटा. दत्तक घेतलेलं मूल मोजत नाहीत. म्हणून काहींना वाटतं की तिसरं दिराला दत्तक दिलं की सुटलो. नाही सुटत. ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं की मूल जन्माला घातल्याने अपात्रता येते, ते नंतर कुणाच्या घरी वाढतं याला महत्त्व नाही. सावत्र मुलांबाबत नागपूर खंडपीठाचा निर्वाळा बाईच्या बाजूचा आहे: नवऱ्याच्या आधीच्या बायकोची मुलं तिच्या खात्यावर धरायची नाहीत. आणि ऑपरेशन फसून राहिलेल्या गर्भाचं काय? पोटकलमात त्यासाठी अक्षरही नाही.

तक्रार कशी उभी राहते ते पाहिलं की नियमाचं खरं रूप दिसतं. निवडणुकीत पडलेला उमेदवार किंवा गावातला कुणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १६ खाली विवाद अर्ज करतो. बाई होते गैरअर्जदार. अर्जासोबत पुरावा लागतो, आणि तो जमवायची ठिकाणं ठरलेली आहेत: ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीचा उतारा, अंगणवाडीतलं रजिस्टर, उपकेंद्रातली माता-बालक नोंद, शाळेचं बोनाफाईड किंवा जनरल रजिस्टरचा उतारा, रेशनकार्ड. जन्माची नोंद मूल जिथे जन्मलं तिथे होते, आईवडील जिथे राहतात तिथे नाही. बाळंतपण माहेरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात झालेलं असतं, म्हणून विरोधकाचा माणूस उतारा काढायला तिच्या माहेरच्या गावी जातो. तिथे आईचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी घरात हाक मारायचं लिहिलेलं. एकाच बाईची तीन नावं. "ही मी नव्हेच" हा बचाव आणि "ही तीच" हा आरोप, दोन्ही याच गोंधळावर जगतात. शाळेतल्या तारखेची तर वेगळीच गंमत. जन्मतारीख माहीत नसली की गुरुजींनी १ जून टाकायची ही महाराष्ट्राची जुनी रीत. नियमाच्या सुरुवातीच्या काळातल्या मुलांसाठी १ जून २००१ की १ जून २००२ यावर पद राहायचं किंवा जायचं, आणि तो आकडा प्रवेशाच्या दिवशी वय जुळवण्यासाठी घाईत लिहिलेला असायचा.

हे टाळायला घरं काय करतात? सगळ्यात सोपं म्हणजे नोंदच न करणं. जन्म २१ दिवसांत कळवायचा असतो. तीस दिवसांनंतर परवानगी लागते, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. तोवर त्या पोराला दाखला नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आधार हाच दाखला आहे. मूल लपवायचं म्हणून बाळंतपण घरी, मग लस नाही, बाईच्या रक्तस्रावाकडे बघायला कुणी नाही. माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थानात या नियमाचा अभ्यास केला होता. त्यात बायको टाकणं, मूल आपलं नाहीच म्हणणं, दुसऱ्याला देऊन टाकणं, गर्भलिंग तपासून पाडणं, हे सगळं आढळलं. उमेदवार नवरा असला तरी किंमत बायकोनेच मोजलेली. महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता, पण इथे ०-६ वयोगटातलं प्रमाण २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होतं आणि २०११ मध्ये ८९४ झालं, बीडमध्ये ८०७. त्याचा सगळा दोष या नियमावर टाकणं खोटं ठरेल, सोनोग्राफीचा धंदा त्याआधीपासूनचा आहे. पण "दोनच, त्यातला एक तरी मुलगा" हा जो दाब घरात असतो त्याला सरकारी शिक्का मिळाला, हे खरं.

तिसरं नको तर मग काळजी घ्यावी, असं शहाणपण लगेच ऐकायला मिळतं. घेते कोण? त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९.१ टक्क्यांनी स्त्री-नसबंदीवर भिस्त ठेवलेली आहे, पुरुष-नसबंदीवर ०.४ टक्के. गावात "ऑपरेशन झालंय का?" हा प्रश्न बाईलाच विचारतात, बाप्याला विचारला तर तो हसण्यावारी नेतो. खरं तर बिनटाक्याची पुरुष नसबंदी दहा-वीस मिनिटांची, पोट उघडावं लागत नाही. चूक नंतर होते. ऑपरेशन झालं म्हणजे त्या रात्रीपासून सुटका, असं समजतात. नळीत शिल्लक असलेले शुक्रजंतू जायला तीन महिने लागतात, तोवर निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि दिवस गेले की संशय बायकोवर. बाईच्या नसबंदीतही शंभर टक्के हमी नसते. पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत त्या केंद्रात कळवायचं असं संमतीपत्रात लिहिलेलं असतं, पण ते वाचून कुणी दाखवत नाही. ज्यांना ऑपरेशन नको त्यांच्यासाठी सरकारी दवाखान्यात तांबी आहे, ३८०-ए जातीची दहा वर्षं चालते आणि बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. तिचा वार चुकला की ती फसते. अंतरामुळे पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे आधी सांगितलेलं नसेल तर बाई दुसऱ्या इंजेक्शनला येतच नाही.

तरीही दिवस गेले तर? इथे घरचे औषधाच्या दुकानाकडे धावतात, "खाली करून घे" म्हणतात. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा आहे, २०२१ ला दुरुस्त झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, पात्र डॉक्टरचं मत पुरतं. साधन फसून राहिलेला गर्भ हे त्यात मान्य कारण आहे, आणि २०२१ पासून तिथे "विवाहित स्त्री व तिचा पती" या जागी "कोणतीही स्त्री व तिचा जोडीदार" आलं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर आणि ठरावीक कारणं: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भातलं व्यंग वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही यात धरलं.

सही फक्त तिची. अठरा पूर्ण झालेल्या बाईसाठी नवऱ्याची, सासूची, कुणाचीही सही कायदा मागत नाही. गर्भपाताच्या संमतीपत्रावर, म्हणजे फॉर्म सी वर, अशा बाईची एकटीचीच सही लागते. दवाखाने मागतात ते स्वतःची कातडी वाचवायला. उलट बाजूही तितकीच खरी. पद वाचावं म्हणून घरच्यांनी तिच्या मर्जीविरुद्ध गर्भ पाडला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खालचा गुन्हा, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. तिची माहिती गुप्त राहते. दवाखान्याचं रजिस्टर हा गुप्त दस्तऐवज असतो, नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गर्भपात म्हणजे अपत्य नव्हे, तेव्हा त्याचा कागद विरोधकाच्या उपयोगाचाही नाही.

गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल दोन-तीन गोष्टी पक्क्या हव्यात. किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. पहिली घेतल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी बाकीच्या, आणि पंधराव्या दिवशी तपासणी. हे नऊ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरच्या देखरेखीखाली. आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकून आठ दिवस झाले म्हणजे "आठ दिवसांचा गर्भ" नव्हे, पाच आठवडे उलटलेले असतात. निम्म्या चुका या एका हिशेबात होतात. दुकानातून आणलेल्या गोळीच्या बाबतीत कुणी रक्तगट बघत नाही, पंडुरोग बघत नाही, आणि गर्भ पिशवीतच आहे की नळीत हे तर बघतच नाही. नळीतल्या गर्भावर ही गोळी चालत नाही, नळी फुटली तर जीव जातो. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या घेऊन दिवस उलटला तरी रक्त गेलं नाही, किंवा एका बाजूला जबर दुखून चक्कर आली, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. तासाला दोन पॅड भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तरी तेच. महाराष्ट्रात दुकानदार हे किट ठेवायलाच घाबरतात, कारण छापे लिंगनिदानाच्या नावाखाली पडतात. गर्भलिंग तपासणं गुन्हा आहे, कायद्याच्या चौकटीतला गर्भपात गुन्हा नाही. पण दोन मुली असलेली बाई चौदाव्या आठवड्यात आली की डॉक्टर दोन्ही कायद्यांची सरमिसळ करून तिला परत पाठवतात, आणि मग ती जिथे जाते तिथे कसला फॉर्म सी आणि कसलं रजिस्टर.

आता नोटीस आलेल्या सदस्येने काय करावं. पहिलं, तारखेला जावं. "आमचे हे बघून घेतील" म्हणून सरपंचपतीला पाठवू नये. गैरअर्जदार ती आहे, गैरहजर राहिली तर एकतर्फी आदेश होतो. अर्जाच्या आणि जोडलेल्या प्रत्येक उताऱ्याच्या प्रती मागून घ्याव्यात, आणि लेखी म्हणणं देण्याआधी प्रत्येक मुलाची जन्मनोंद मूळ ठिकाणाहून स्वतः काढावी. झेरॉक्सवर भांडू नये. उताऱ्यातलं आईचं नाव, बापाचं नाव, गाव आणि नोंदणीची तारीख ताडून पाहावी. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी, ऐन निवडणुकीच्या तोंडावर झालेली नोंद असेल तर ती कुणाच्या अर्जावरून झाली हे विचारण्याचा तिला हक्क आहे. जुळी असतील तर दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड लावावं, दोन्ही मुलांची एकच तारीख पुरेशी समजू नये. दत्तक घेतलेलं मूल असेल तर दत्तकपत्र. सावत्र मुलं असतील तर त्यांच्या जन्मनोंदी, ज्यात आईचं नाव वेगळं आहे.

नामनिर्देशनाच्या वेळी दिलेलं अपत्यांबाबतचं घोषणापत्र फाइलमध्ये असतंच. फॉर्म बहुधा पॅनलच्या माणसाने भरलेला, तिने नुसती सही केलेली. तेव्हा सुनावणीला उभं राहण्यापूर्वी त्याची प्रत काढून आपल्या नावावर नेमकं काय लिहिलंय ते वाचावं. निकाल विरोधात गेला तर अपील विभागीय आयुक्तांकडे, मुदत पंधरा दिवसांची, त्यामुळे आदेशाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. आणि स्थगितीचा अर्ज वेगळा जोडावा. अपील दाखल झालं म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी उपसरपंच पदभार मागायला दारात उभा असतो.